अण्णांच्या डब्यातली नाणी : प्रकल्प नोंदी

11 जानेवारी 2025, शनिवार

डबा आज घरी आला. पत्र्याचा, चहापत्तीचा, झाकणाला सुतळी. अण्णा म्हणजे ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील, कराड डेपोतून निवृत्त झालेले एसटी कंडक्टर. ड्युटीवर असताना जे नाणं डोळ्याला खटकलं ते त्यांनी बाजूला काढलं आणि हिशेबात खोट येऊ नये म्हणून तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून बॅगेत टाकले. आता पुतण्याने मोबाइलवर 'हे नाणं असेल तर व्हा लखपती' छापाचे व्हिडिओ बघितल्यापासून घरात डब्याची चर्चा सुरू झाली आहे.

फोनवर अण्णा म्हणाले, "किमतीचं मागनं बघू. आधी मला ह्ये सांग, ह्ये असं झालंच कसं?"

याहून चांगली सुरुवात मला सुचली नसती. टाकसाळीतल्या कुठल्या पायरीवर हे घडू शकतं, याचं उत्तर मिळालं तर नाणं पुढच्या तपासणीला घ्यायचं. नाही मिळालं तर ते बाहेर कुणीतरी केलेलं आहे आणि त्याची किंमत त्यावर छापलेली तेवढीच, किंवा तेवढीही नाही.

पायऱ्या फार नाहीत. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांना ब्लँक म्हणतात. चकतीची कड दाबून थोडी उचलतात, भट्टीत तापवून धातू मऊ करतात, धुतात. मग वरचा डाय (नक्षी कोरलेला ठसा), खालचा डाय आणि भोवती कॉलर (चकतीची कड आवरणारी कडी), या तिघांमध्ये चकती दाबली की नाणं. म्हणजे चूक चकतीत असेल, डायमध्ये असेल, नाहीतर ठोक्यात असेल. चौथी जागा नाही.

साहित्य: दहापट दाखवणारं भिंग, शतांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, व्यास मोजायचं व्हर्निअर, फ्रिजवरचं लोहचुंबक, टेबलावरचा दिवा (प्रकाश वरून नको, बाजूने तिरका हवा). नाणी कडेने धरायची.

एक नुकसान आधीच झालेलं आहे. सूनबाईंनी वरची काही नाणी पितांबरी लावून लख्ख केली आहेत. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात आणि टाकसाळीची मूळ झळाळी गेलेली असते. ती परत आणता येत नाही. बाकीच्यांना हात लावू नका असा निरोप पाठवला.

12 जानेवारी, रविवार

पहिली चाळणी. नवखं दिसतं पण नेहमीचं आहे, असा ढीग सगळ्यात मोठा निघाला.

त्यात काय काय: चार दिशांना फाकलेल्या दुहेरी रेषा आणि ठिपके असलेले एक-दोन रुपये, ज्यांना लोक 'क्रॉसवाला' म्हणतात. ती 2004 नंतरची 'अनेकता में एकता' मालिका, कोट्यवधींनी निघालेली. कमळाचं पिवळं वीस पैसे, 1968 ते 1971 मधलं. कित्येक देवघरांत आजही आहे, दुर्मीळ नाही. वर्षाखाली अनोळखी खूण असलेली नाणी. मुंबईची खूण पत्त्यातली चौकट किंवा ठिपका, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूणच नाही. यात न बसणारी खूण दिसली की लोक चूक समजतात. पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत आणि त्यानंतर काही नाणी सरकारने परदेशातून पाडून आणली होती: मॉस्को, मेक्सिको, कोरिया, स्लोव्हाकिया, दक्षिण आफ्रिका. 1985 च्या रुपयावरची रोमन एच ही बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची. अशा खुणांमुळे आल्बममधला एक खण भरतो, नशीब उघडत नाही.

दहा रुपयांच्या नाण्यांवर अण्णांनी खास चिठ्ठी ठेवली होती: 'रेघा कमीजास्त. खोटं?' खोटं नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं होतं की तोवर निघालेल्या दहाच्या नाण्याच्या चौदाही नक्षा चलनात वैध आहेत. तरी त्या काळात वाहक-प्रवाशांची रोजची भांडणं याच नाण्यावरून व्हायची, असं अण्णा सांगतात.

दुसरी चिठ्ठी जास्त मजेशीर: 'रुपया मोठा आहे, दोनच्या मापाचा.' दोन्ही काट्यावर ठेवले. 1992 ते 2004 मधला पोलादी रुपया 25 मिलिमीटर, 4.85 ग्रॅम. 2011 च्या मालिकेतले दोन रुपये 25 मिलिमीटर, 4.85 ग्रॅम. शब्दशः तेच माप. उलट 2011 चा रुपया 22 मिलिमीटर आणि 3.79 ग्रॅमचा झाला, जे आधी पोलादी पन्नास पैशांचं माप होतं. अंधारात, चालत्या गाडीत, बोटांनी चाचपून सुटे मोजणाऱ्या माणसाला हे किती छळत असेल. संग्राहकाला मात्र ही मापं पाठ लागतात, कारण चुकीच्या चकतीवर पडलेलं नाणं ओळखायचं तर बरोबर चकतीचं वजन माहीत हवं.

18 जानेवारी, शनिवार

डायच्या चुका. हा ढीग पटकन संपवला.

उंचावलेली वाकडी रेघ, अशोकस्तंभापासून कडेपर्यंत: डायला तडा गेला, तड्यात धातू शिरला. डाय बदलेपर्यंत अशी हजारो नाणी पडतात. मोल जवळजवळ नाही. तडा वाढून डायचा कडेचा तुकडाच निखळला आणि नाण्यावर तिथे सपाट फुगवटा आला, तर मात्र गिऱ्हाईक आहे. डब्यात तसं एकही नाही.

सालातला शेवटचा आकडा गायब, एक रुपया. डायच्या खोबणीत ग्रीस आणि धातूचा चुरा भरला की आकडा उठत नाही. तिरक्या प्रकाशात ती जागा आजूबाजूसारखीच झळकते आहे का बघितलं. झळकते, म्हणजे कुणी घासून काढलेला नाही. अस्सल. तरी पन्नासच्या वर कोणी देणार नाही.

फिरलेला डाय. आपल्या नाण्यांची एक बाजू सरळ धरून उभ्या अक्षावर पलटवलं की दुसरीही सरळच यायला हवी. अण्णांच्या एका रुपयात मागची बाजू जवळजवळ काटकोनात आडवी. नव्वदच्या दशकातल्या नाण्यांत थोडं फिरणं सर्रास सापडतं, म्हणून दहा-पंधरा अंशांना कोणी विचारत नाही. काटकोनाला थोडं मोल, पूर्ण उलट्याला त्याहून बरं. हे पाकिटात.

चकतीच्या चुकांत एक सुरेख नग निघाला. पोलादी रुपया, डाव्या अंगाला अर्धगोल चावा घेतलेला. पट्टी नीट पुढे सरकली नाही की चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीला कमानीसारखी खाच पडते. बाहेरही कानस घेऊन हे करता येतं, म्हणून दोन गोष्टी बघायच्या. चाव्याच्या बरोबर समोरची कड. तिथे कड न उठलेली, बुजलेली दिसली पाहिजे; कारण कड उचलण्याच्या यंत्रात एका बाजूला धातू नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. ती तशी आहे. दुसरं, चाव्याजवळची अक्षरं. कानशीने कापलेलं अक्षर सरळ तुटतं. इथे अक्षर रिकाम्या जागेकडे किंचित ओघळलेलं आहे, कारण चावा आधी होता आणि ठोका नंतर पडला. वजन 4.41. अस्सल.

एक दहा रुपये, मधली चकती नसलेली नुसती कडी. कडीच्या आतल्या काठावर नक्षी जिथे संपते तिथे ती चाकूने कापल्यासारखी सरळ संपते. चकती नसताना ठोका पडला असता तर धातू आत सरकून काठ गोलसर झाला असता. म्हणजे दोन्ही भाग एकत्र ठोकले गेले आणि नंतर कुणीतरी मधला भाग हातोडीने उडवला. अण्णांना कळवलं. ते म्हणाले, "पोरं रुळावर ठेवायची नाणी, त्यातलंच असंल."

19 जानेवारी, रविवार

आज दिवसभर एकच नाणं.

पाच रुपये, तांबे-निकेलचे, जाड. एका बाजूला अशोकस्तंभ, खाली सत्यमेव जयते, डावीकडे भारत, उजवीकडे रोमन अक्षरांत इंडिया. सगळं ठसठशीत. पालटलं की पाचचा आकडा आणि फुलं दिसायला हवीत. त्याऐवजी पुन्हा अशोकस्तंभच, पण खोलगट आणि उलटा. भारत आरशात वाचावं लागतं.

ब्रोकेज म्हणतात ते हेच. आधीचं नाणं पडल्यावर ते खाली न जाता आकड्याच्या बाजूच्या डायला चिकटून राहतं. पुढची चकती येते. तिच्या एका बाजूला खरा डाय बसतो, दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचा दर्शनी भाग. तो उंच असल्याने चकतीत खोल रुततो, आणि उजवं-डावं उलटतं.

हेच घरीही 'बनवता' येतं, आणि तिथेच सगळा घोळ. दोन नाणी एकावर एक ठेवून शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळली की एकाचा ठसा दुसऱ्यावर उलटा उमटतो. स्वतः करून बघायचा मोह होता, पण 2011 चा नाणे कायदा नाणी वितळवायला आणि नष्ट करायला मनाई करतो; तेव्हा प्रयोग रद्द. तपासणी अशी केली:

जुनी नक्षी. शेगड्यात आवळलेल्या नाण्यावर आधी पाचचा आकडा पडलेलाच असतो, तो दाबाखाली चपटा होतो पण पूर्ण मरत नाही. तिरक्या प्रकाशात त्याचं भूत दिसतं. इथे आकड्याचा मागमूस नाही. फुलांच्या जागा भिंगाने कोपरा कोपरा बघितल्या. काही नाही.

पलीकडची बाजू. व्हाइसच्या जबड्याकडे असलेली बाजू सपाट होते, सिंहाच्या आयाळीसारखे उंच भाग चकचकीत घासले जातात. इथे आयाळीच्या रेघा सुट्या सुट्या मोजता येतात.

माप. चिकटलेलं नाणं ठोक्यागणिक पसरत जातं, त्यामुळे उशिराच्या ब्रोकेजमध्ये उलटं चित्र मूळ चित्राहून मोठं आणि विस्कटलेलं असतं. पोळ्यांची कणीक मळलेली होतीच. एक साधं पाचचं नाणं तिच्यात दाबलं, ठशाची रुंदी व्हर्निअरने घेतली, मग या नाण्यावरच्या खोल चित्राची. फरक हाताला लागला नाही. म्हणजे नाणं चिकटल्यानंतर पहिल्या-दुसऱ्या ठोक्यातलंच. यामुळे किंमत वाढते, कारण चित्र पूर्ण आणि नितळ आहे. (कणीक टाकून दिली. घरच्यांनी तसं बजावलं होतं.)

वजन 8.97, असायला हवं 9.00. चालेल. व्यास 23, काठ सगळीकडे सारखा, चुंबकाला चिकटत नाही. सगळं जुळतं.

एक कमतरता आहे. या नाण्यावर साल आणि टाकसाळीची खूण आकड्याच्या बाजूला असते, म्हणजे नेमकी जी बाजू उमटलीच नाही त्या बाजूला. कुठल्या वर्षाचं, कुठल्या टाकसाळीचं, हे कायमचं अज्ञात. सालवार जमवणाऱ्याच्या ते कामाचं नाही. एरर, म्हणजे टाकसाळीत चुकलेली नाणी, जमवणाऱ्याला तेवढं सोसतं.

अण्णांना फोन केला आणि चिकटलेल्या नाण्याची गोष्ट सांगितली. बराच वेळ ऐकून म्हणाले, "आणि त्यो चिकटलेला कुठं गेला?" मलाही हवा आहे तो.

24 जानेवारी, शुक्रवार

पुतण्याचा उत्साहाने फोन. त्याने वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाचच्या नाण्याचा फोटो कुठेतरी टाकला होता. कुणीतरी तीन लाखांची बोली लावली. फक्त आधी 'नोंदणी' आणि 'जीएसटी' म्हणून काही हजार भरायचे. रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्रही पाठवलं आहे.

त्याला सांगितलं, एक पैसा भरू नकोस. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सावध केलं होतं: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोक शुल्क, कमिशन, कर मागत आहेत, बँक असल्या व्यवहारात पडत नाही, कुणाला अधिकारही दिलेला नाही. पत्राचा फोटो बघितला तर मराठीत शुद्धलेखनाच्या इतक्या चुका की तेच एरर म्हणून जमवावं.

आणि ते नाणं? श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं, 2012 सालचं. पाच आणि दहा, दोन्हीत निघालेलं. सुट्या पैशांत अजूनही येतं. माझ्या स्वतःच्या गल्ल्यात आहे. कोणी श्रद्धेने वीस-पंचवीस रुपये देईल, तो त्याचा प्रश्न.

या व्हिडिओंचा खरा त्रास वेगळा आहे. लाखांचे आकडे ऐकलेल्या माणसाला दोन हजार खरे मिळत असतील तर ते फसवणूक वाटतात.

2 फेब्रुवारी, रविवार

सकाळी जुना बाजार. पुण्याचा हा बाजार बुधवार-रविवार भरतो. कुलपं, पाने, ग्रामोफोनचे कर्णे यांच्यामध्ये नाणीवाल्यांच्या चादरी. तिथे एक जुने विक्रेते आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात.

ब्रोकेज दाखवलं. चाचांनी भिंगसुद्धा काढलं नाही, अंगठा फिरवला, म्हणाले, "सही है. आठशे देतो."

मी काही बोललो नाही. त्यांनी पेटीतून एक दुसरं काढून माझ्या हातात ठेवलं. "हे बघा, हे पण ब्रोकेजच म्हणून आणलं होतं एकाने." दोन रुपयांचं, मागे उलटा छापा. तिरकं धरलं आणि खोल चित्राच्या पोटात दोनच्या आकड्याची कमान दिसली, चपटी. समोरची बाजू आरशासारखी दबलेली. 19 तारखेला जे शोधत होतो ते सगळं एका नगात. चाचा ते विकत नाहीत, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलं आहे.

शेजारच्या चादरीवर 1939 चा रुपया मांडलेला. सहाव्या जॉर्जचा, चांदीचा. 1939 चा अस्सल रुपया विरळा आणि महाग, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे 1938 चा आठ खोदून नऊ केलेले, किंवा साच्यातून ओतलेले कितीतरी फिरतात. विक्रेता पंधराशे म्हणाला. अस्सल असता तर त्या किमतीला कोणी चादरीवर मांडला नसता. नऊच्या शेपटीभोवती खरवडल्याचा खड्डा भिंगाशिवाय दिसत होता.

चहाच्या टपरीवर एक ओळखीचे संग्राहक भेटले, फक्त एरर जमवणारे. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या चौकटीतलं नाणं काढलं: 2011 च्या मालिकेतले दोन रुपये, पण लहान. अक्षरांची डोकी कडेला कापली गेलेली. वजन विचारलं. 3.79. रुपयाच्या चकतीवर दोनचा ठोका. पिंपात तळाला अडकलेली एखादी चकती पुढच्या मालात जाते आणि असं होतं. ते कितीला घेतलं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि अशा वेळी विचारायचं नसतं.

ब्रोकेज त्यांनी दोनदा पाहिलं. दोन ते अडीच हजार म्हणाले, साल दिसत असतं तर वर. शिवाय एक कानमंत्र: साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातलं रसायन सुटून नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकटी घेतल्या.

8 फेब्रुवारी, शनिवार

डब्याच्या तळाशी जुन्या कापडाच्या पुरचुंडीत आणखी दोन. अण्णांच्या आजीची, देवघरातली.

पहिली तांब्याची शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. इथे 'श्री' अर्धी आहे, 'शिव' पूर्ण बाहेर गेलेलं आहे, मागे 'छत्र'चा वरचा भाग नाही. पुतण्या म्हणाला, हे तर केवढं मोठं ऑफ सेंटर!

इथे हिशेब उलटा चालतो. यंत्राने, कॉलरमध्ये पाडलेलं नाणं मध्यावर बसणं हा नियम, म्हणून सरकलेलं विरळा आणि महाग. अर्धं सरकलं आणि तरी साल शिल्लक राहिलं तर आणखी महाग. शिवराई हाताने, हातोड्याने पाडायची. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकूर कुठेतरी कापला जाणं हाच नियम. पुढच्या काळातल्या शिवराईंवर तर कोरणाऱ्याने अक्षरं अशी मोडली आहेत की माहीत असल्याशिवाय वाचता येत नाहीत. म्हणून इथे पैसे मिळतात ते पूर्ण मजकूर बसलेल्या नगाला. अण्णांची शिवराई साधी, झिजलेली. देवघरात परत.

दुसरा रुपया, 1911, पंचम जॉर्ज. काळजात धस्स झालं, कारण हा तोच 'डुकराचा रुपया'. राजाच्या झग्यावर मानचिन्हांच्या साखळीतला हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर दिसलं. ओरड झाली, सरकारने ते रुपये मागे घेतले, आणि 1912 पासून सोंड-कान नीट दिसणारा हत्ती आला. ही टाकसाळीची चूक म्हणायची का? ठोका बरोबर, चकती बरोबर, डायही जसा कोरायचा ठरला तसाच. चूक चित्रकाराची. तरी संग्राहक हा रुपया आवर्जून घेतात, कारण त्याला गोष्ट आहे. आणि मागे घेऊनही पुरेसे उरले आहेत, त्यामुळे तो आवाक्याबाहेरही नाही.

या नगाला मात्र वरच्या बाजूला, घड्याळात बारा असतात त्या जागी, कडी लावलेली होती, नंतर काढली आहे. कडेला डागाचं, म्हणजे सोनाराच्या झाळणीचं, ढेकूळ, आणि मुकुटावर सोनाराच्या कानशीचे घाव. गळ्यातल्या माळेत होता, उघड आहे. वजन 11.66 ऐवजी 11.81, डागामुळे वाढलेलं. असा रुपया चांदीच्या भावाहून थोडा वर जातो, बस. चांदी 91.7 टक्के आहे, एवढाच दिलासा. डाग काढून साफ करून घेऊ का, असं मैत्रिणीने विचारलं. काढला तर खड्डा राहील आणि वर घासलेली नवी चांदी दिसेल. आहे तसा बरा.

दोन्ही शंभर वर्षांवरची आहेत, म्हणजे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात. देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेत आहे, तिकडे जास्त किंमत येईल अशी कल्पना कुणाच्या तरी डोक्यात आली होती. ती तिथेच थांबवली.

16 फेब्रुवारी, रविवार

किंमत लावायला बसलो. आपल्याकडे चालू नाण्यांच्या एररसाठी सगळ्यांनी मानलेली दरसूची नाही. झालेल्या लिलावांचे निकाल आणि विक्रेत्यांचं बोलणं, एवढ्यावर अंदाज. मागितलेली किंमत धरायची नाही, मिळालेली धरायची. ऑनलाइन कुणीही पाच रुपयांवर पाच लाखांची चिठ्ठी चिकटवू शकतो.

माझा अनुभव असा की एररचं मोल सर्वांत आधी अंतरावरून ठरतं. हातभर लांबून दिसलं तर गिऱ्हाईक थांबतं. भिंग देऊन 'इथे बघा' म्हणावं लागलं की ते मान हलवून पुढे जातं. मग नाण्याची स्थिती, मग साल दिसतं का, मग तसे किती नग बाजारात आहेत. आणि आपल्याकडे एरर जमवणारी माणसं मुळात थोडी. एका शहरातल्या दोघांनी हात आखडला तरी भाव पडतो.

त्या हिशेबाने: ब्रोकेज दोन हजारांच्या आसपास. चावा घेतलेला रुपया दोनशे ते तीनशे. फिरलेला डाय शंभर. गायब आकडा चाळीस-पन्नास, मिळाले तर. डुकराचा रुपया चांदीचा भाव अधिक थोडं. बाकी दर्शनी किंमत.

ब्रोकेज एखाद्या परदेशी ग्रेडिंग कंपनीकडून (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या) सीलबंद करून घ्यावं का, याचा विचार केला. फी, कुरिअर आणि विमा मिळून नाण्याच्या किमतीचा लचका तोडतील. दोन हजारांच्या नाण्याला ते परवडत नाही.

1 मार्च, शनिवार

कराड. अण्णांनी ओट्यावर घोंगडी टाकली, मी त्यावर पाकिटं मांडली. पुतण्या एकूण ऐकून हिरमुसला. अण्णा मात्र प्रत्येक नाणं हातात घेऊन तपासत होते, चाव्याच्या समोरची बुजलेली कड त्यांनी मला न विचारता नखाने शोधली.

"ह्यो मला विट्याच्या गाडीत मिळाला," चावा घेतलेला रुपया उचलून म्हणाले. "बाई म्हणली, मोडका हाय, घेऊ नका. मी म्हणलं, तुझं तिकीट झालं, बस खाली."

त्यांचा निर्णय: ब्रोकेज विकायचं, पैसे नातीच्या सायकलीला. चावा आणि फिरलेला त्यांच्याकडेच राहणार. डुकराचा रुपया मैत्रिणीला, कारण आजीचा आहे. चाचांना आठशेला देण्यापेक्षा मुंबईच्या लिलावात टाकू, असं मी सुचवलं. तिथे कमिशन कापतात आणि दोन-तीन महिने थांबावं लागतं, हेही सांगितलं. "थांबू की. इतकी वर्षं डब्यातच व्हतं."

22 मार्च, शनिवार

लिलाववाल्यांनी नाणं घेतलं. पोचपावतीवर लिहिलंय: पाच रुपये, तांबे-निकेल, दर्शनी बाजूचं पूर्ण ब्रोकेज, साल नाही. सुरुवातीची बोली 1,500. वर्णनात 'अतिदुर्मीळ' घालू का, असं त्यांच्या माणसाने विचारलं. नको म्हटलं, पण फोटो तिरक्या प्रकाशात दोन्ही बाजूंचे घ्या आणि आकड्याचं भूत नाही हे दिसू द्या, एवढं लावून धरलं. घेणारा जाणकार असेल तर तो तेच शोधणार.

उरलेली साधी नाणी वेगळी केली. एक, दोन, पाच, दहा पुतण्याने किराणा दुकानात दिले. पंचवीस पैसे आणि त्याखालची 30 जून 2011 पासून चलनातून गेलीत, ती नातीला खेळायला. पन्नास पैसे अजून वैध आहेत, पण कराडात एकही दुकानदार हात लावत नाही. ते घेऊन अण्णा सोमवारी बँकेत जाणार आहेत, आणि कॅशिअरने नाही म्हटलं तर काय बोलायचं याची त्यांनी तयारी केली आहे.